घड्याळजींचा प्रीअँप

मित्रांनो, हल्ली थोडं बोललं तरी मला दमायला होतं, तेव्हा जरा सांभाळून घ्या. मी एक जुना प्रीअँप आहे. तबकडीवर टेकलेल्या सुईतून निघणारा आवाज फार क्षीण असतो. तो आधी माझ्याकडे येतो. मी त्याला थोडं बळ देतो, मगच मोठा अँप्लिफायर त्याला स्पीकरपर्यंत नेतो.

माझ्या पोटातला एकेक सांधा कारखान्यातल्या एका बाईंनी डाग देऊन जोडला. त्यांचा हात इतका स्थिर होता, की अजून एकही सांधा सुटलेला नाही.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते एका घड्याळजींनी. नुसत्या टिकटिकीवरून घड्याळाचं दुखणं ओळखणारा माणूस! दुकान बंद करून आले की हातपाय धुऊन ते माझ्यासमोर बसत आणि आवाजाचं बटण जेमतेम फिरवत. तेवढ्यात त्यांचं भागत असे. पाहुणे आले की माझं तोंड भरून कौतुक होई. मी फुलून जाई.

पुढे कितीतरी वर्षांनी ते बटण थोडं थोडं पुढे सरकू लागलं.

"आवाज बसलाय याचा," घड्याळजी एकदा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले.

"अहो, शेजारच्यांना ऐकू जातंय," त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"काय?"

"शेजारी ऐकू जातंय म्हटलं!"

शेवटी वैतागून घड्याळजींनी मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने मला उघडलं, सगळं तपासलं, पुन्हा बंद केलं.

"याला काहीही झालेलं नाही. अगदी ठणठणीत आहे."

"मग मला नीट ऐकू का येत नाही?"

दुरुस्तीवाला घुटमळला. मग हळूच म्हणाला, "घड्याळजी, तुम्ही एकदा कान दाखवून या."

घरी येताना त्यांनी मला छातीशी धरलं होतं. मित्रांनो, बिघाड माझ्यातच निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं.

वर्षभरात दुकान बंद झालं. माझ्यावर कापड पडलं. घड्याळजी माझ्याकडे बघेनासे झाले.

मग एका दुपारी काकूंनी ते कापड ओढून काढलं, तबकडी लावली आणि नवऱ्याचा हात धरून स्पीकरवर ठेवला. "येतंय का हाताला?" त्यांनी खुणेने विचारलं. घड्याळजींनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून रोज दुपारी दोघं तसेच बसत. काकू ओठ हलवून शब्द सांगत, ते तळव्याने ताल घेत. मी आयुष्यात इतकं मनापासून काम कधी केलं नाही.

दोघंही गेल्यावर पुतण्याने मला विकलं. मग मी घरं बदलत राहिलो. घेणारे विचारत, "बटणं मूळचीच ना? खोका आहे का?" वाजतो कसा, हे मात्र कोणीच विचारलं नाही. आता मी एका संग्राहकाच्या काचेच्या कपाटात आहे. माझ्यासारखे इथे अकरा जण आहेत. तो हातमोजे घालून आम्हाला पुसतो, पण लावत नाही. वापर नसल्याने माझी बटणं आखडली आहेत, आतले भाग सुकत चालले आहेत. रोज वाजत होतो तेव्हा मी कधी थकलो नाही. थकलो तो इथे बसून.

आज सकाळी संग्राहकाची आई खोलीत आली होती.

"अरे, यातला एखादा लाव ना. बऱ्याच दिवसांत गाणं ऐकलं नाही."

"आई, हात नको लावूस! काचेवर डाग पडतात."

तिने पदराला हात पुसले आणि ती निघून गेली.

मित्रांनो, जुनी यंत्रं हौसेने घ्या, जपा. आमच्यावर एखादा ओरखडा आला तरी चालेल. पण कोणी ऐकायला आलं, तर त्याला असं परत पाठवू नका.