नळी मी काढली

आमच्या घरात चिमण्या दोन. एक भट्टीवरची, विटांची. ती जागची हलत नाही. दुसरी माझी मुलगी. ती उडून गेली, दूरच्या शहरात फरश्यांच्या कारखान्यात रंग तपासते. बापाने मातीत हात घालायला शिकवलं आणि पोरगी मातीच्याच नोकरीला लागली, आता तक्रार कोणाकडे करणार?

मी गॅसच्या भट्टीत भांडी भाजतो. लाल झिलई हवी असेल तर भट्टी तापल्यावर तिची हवा मुद्दाम तोडावी लागते. मग भुकेली आग झिलईतल्या तांब्यातला ऑक्सिजन ओरबाडून घेते आणि एरवी हिरवं झालं असतं ते भांडं लाल निघतं. हवा किती तोडायची हे कळायला भट्टीच्या भोकात नळी खुपसायची; नळीला जोडलेलं यंत्र आतल्या वायूंचे आकडे दाखवतं. अंदाजाने मलाही जमतं, पण ते मी कधी कबूल केलं नाही.

कारण आकडा दिसला की मी पोरीला फोन लावायचो. "कार्बन मोनॉक्साइड दोन टक्के." ती म्हणायची, "पत्रा बोटभर आत ढकला, बाबा." हवा कमीजास्त करणारा विटांच्या चिमणीतला पत्रा सरकवून आकडा बदलेपर्यंत फोन कोण ठेवणार? तेवढ्यात तिची खडूस साहेबीण, गळका नळ, न हटणारा खोकला, सगळं कळायचं. "एक आकडा सांगायला एवढा वेळ?" असं म्हणत बायको फोन हिसकावायची आणि स्वतः माझ्या दुप्पट बोलायची.

मागच्या सुट्टीत पोरीने नवं यंत्र आणलं. त्याचे आकडे आपोआप तिच्या मोबाइलवर जातात. "आता तुम्हाला सारखा फोन करायला नको," ती हौसेने म्हणाली. मी वा वा म्हटलं. काळजावर धोंडा पडला तरी वा वा म्हणायची आम्हा बापांची रीतच आहे.

तेव्हापासून भट्टी लागली की मेसेज येतो: पत्रा थोडा आत. मी "बरं" लिहितो. संपलं. लाल रंग असा खुलतो की गिऱ्हाइकं भांड्यांवरून हात फिरवत बसतात, पण मला भट्टीपाशी बसवत नाही. तिच्या आवाजासाठी जीव कासावीस होतो. उगाच फोन करावा तर ती "काय झालं, बाबा?" विचारते, आणि झालेलं काहीच नसतं.

आज दुपारी भट्टी ऐन भरात होती. मेसेज आला: छान चाललंय. डोंबलाचं छान! मी हातमोजा चढवला आणि नळी सर्रकन बाहेर ओढली. भोकातून ज्वाळा बाहेर आली. भोकात वीट बसवून मी स्टुलावर जाऊन बसलो.

लगेच फोन वाजला.

"बाबा, आधी बाहेर व्हा! आकडे एकदम पडले, भट्टी फुटली का? आई कुठंय?"

ती धापा टाकत होती, जिना उतरताना पावलं वाजत होती. तिला घाबरवायचं माझ्या मनात नव्हतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. नळी आपोआप निसटली, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. ते काही तोंडातून निघेना.

"काही फुटलं नाही. नळी मी काढली."

"का?"

"तुझा फोन येत नाही म्हणून."

आता बोलणी खावी लागणार, असं मी धरून चाललो. मग तिने नाक ओढलं.

"मी रोज बघते, बाबा. भट्टी बंद असते तेव्हाही. म्हणून तर यंत्र बंद करू नका म्हणते."

"थंड भट्टीत काय बघायचंय?"

"ऑक्सिजन एकवीस टक्के. आपल्या घरातली हवा."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"नळी आत घाला आता," ती म्हणाली. "मला भट्टीतलं काही दिसत नाहीये. सगळी भांडी हिरवी होतील."

"होऊ देत," मी म्हटलं. "तू बोल."