दसऱ्याचं पॉलिश

विश्वास कारखानीसांचा कॅरव्हॅन ट्रेलर नोएडाच्या सोसायटीत वर्षानुवर्षं एका जागी उभा होता. हलायचा नाही, पण दर दसऱ्याला त्याचा थाट असायचा: चाकांना झेंडूच्या माळा, टायरना काळंभोर पॉलिश. आज पहिल्यांदाच गाडीमागे जोडून घरची तिघं आग्र्याला निघाली होती.

निघतानाच हेमांगीने टायरवरच्या आकड्यावर बोट ठेवलं होतं. "बाबा, २३१५. म्हणजे दोन हजार पंधराच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर!"

"अगं, नक्षी बघ, नवीकोरी! झिजायला चाललाय कुठे?"

"उभ्या उभ्याही रबर म्हातारं होतं, बाबा."

"हो तर! वादविवादात पहिली आल्यापासून तू रबराचंही वय काढायला लागलीस."

आई फिसकन हसली आणि विषय तिथेच मिटला.

आता एक्सप्रेसवेचं सिमेंट जूनच्या उन्हात तव्यासारखं तापलं होतं. हेमांगी काच खाली करून मागे बघत होती. ट्रेलरचं डावं चाक तिला दिसलं. टायरच्या कुशीला फुगा आला होता, आणि तो वाढत होता.

"बाबा, थांब. टायर फुगलाय."

"टोलनाका येतोय ना, तिथे बघू."

"तिथपर्यंत नाही टिकणार."

एरवी ती ओरडली असती. आज तिचा आवाज उलट खाली गेला, आणि त्यानेच बाबा चपापले. त्यांनी वेग कमी करायला घेतला, तोच धाडकन आवाज झाला.

ट्रेलरने गाडीची शेपूट धरून हिसडा दिला. मागून ट्रकचा भोंगा.

"अहो, ब्रेक मारा!" आई किंचाळली.

"ब्रेक नको, ट्रेलर आडवा होईल! बाबा, स्टिअरिंग घट्ट, सरळ धर. नुसता ॲक्सिलरेटरवरून पाय काढ!"

बाबांनी लेकीचं ऐकलं. गाडी नागमोडी गेली, ट्रक अंगावरून गेल्यासारखा शेजारून गेला, आणि हळूहळू, फरफटत, सगळं कडेला येऊन थांबलं.

मागे रस्त्यावर टायरची साल पडली होती. बाबांनी उतरून दुसऱ्या टायरवर रुमाल घासला. पॉलिश निघालं. खाली भेगाच भेगा, आटलेल्या तळ्यासारख्या.

"मीच लावायचो गं," ते पुटपुटले. "काय चकाकायचा!"

"फोटोत भारी दिसायचा," हेमांगी म्हणाली. "चला, आधी दोघं रेलिंगच्या पलीकडे. फोन तिथून करू."

बाबांनी आईचा हात धरला आणि दोघं रेलिंग ओलांडून गेली.