ताईकडे ठेवा

त्या कुटुंबात एखादी वस्तू नकोशी झाली आणि टाकवतही नसली, की सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य निघे: ताईकडे ठेवा. ताई तीन भावंडांतली मधली. तरी थोरला भाऊसुद्धा तिला ताईच म्हणायचा, कारण ज्याच्याकडून कामं करून घ्यायची त्याला मान देऊन ठेवलेला बरा असतो. ती आईवडिलांच्या जुन्या घरात एकटी राहायची. खोल्या भरपूर, माणूस एक, म्हणजे जागा आहेच की, असा सगळ्यांचा सरळ हिशेब होता. पुतण्याची मोडकी सायकल आली, मामेबहिणीचं शिलाई मशीन आलं, थोरल्या वहिनींचं नक्षीचं कपाट आलं. चार दिवसांसाठी म्हणून आलेलं ते कपाट पूर्वेच्या खिडकीला पाठ लावून उभं राहिलं, आणि त्या खोलीत भर दुपारी दिवा लावायची पाळी आली ती कायमची.

गंमत म्हणजे ताईची नोकरीही हीच. बस स्थानकात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे तिनं उभी हयात काढली. छत्र्या, डबे, एकदा तर दातांची कवळी. तिचा मालक आला तेव्हा त्या बिचाऱ्याला ती नीट मागताही येईना. ताई प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची आणि वाट बघायची. पण तिथं निदान मुदत होती. ती संपली की वस्तू लिलावात जायची. घरी तसली सोय नव्हती.

निवृत्त झाल्यावर तिनं भावांना सांगितलं की हे घर विकू या, मी डोंगरावर राहायला जाते. तिथं तिनं एक लाकडी खोली बघून ठेवली होती. एक खोली, एक चूल, बाहेर झरा, दार उघडलं की समोर दरी. एकदा सुट्टीत ती तिथं राहिली होती आणि कित्येक वर्षांनी गाढ झोपली होती. थोरल्याला वाटलं हिचं डोकं फिरलं. धाकट्याला वाटलं महिनाभरात परत येईल. पण घर विकायला दोघेही तयार झाले.

मग ताईनं सामान आवरायला घेतलं, आणि तेही आपल्या सवयीनं. जे जे दुसऱ्याचं, त्याला त्याला नाव आणि पत्ता लिहून चिठ्ठी बांधली. एकेकाला फोन करून सांगितलं की आपापलं घेऊन जा. सगळे हो हो म्हणाले, रविवारी येतो म्हणाले, आणि कुणीही फिरकलं नाही. शेवटी खोली झाडून ठेवायला ताई एक दिवस आधीच बसनं डोंगरावर गेली. सामान गाडीत भरून द्यायचं काम धाकट्यानं अंगावर घेतलं. जाताना ताई त्याला एवढंच म्हणाली, "चिठ्ठ्या लावल्यात, तेवढं नीट बघ."

आता धाकटा होता मालाच्या गोदामात मुकादम. त्याच्या लेखी चिठ्ठी लागली की माल गाडीत गेलाच पाहिजे, आणि चिठ्ठी नसलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. त्यानं अगदी चोख काम केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक वळणापर्यंत आला. पुढं गाडीरस्ता नव्हता, पायवाट होती. ताई हसतमुखानं खाली उतरली आणि ताडपत्री बाजूला झाल्यावर तिथंच दगडावर बसली. वर सायकल, खाली मशीन, मध्ये नक्षीचं कपाट. तिची स्वतःची खाट नाही, भांडी नाहीत, गादी नाही. तिला हसावं की रडावं कळेना. ज्याच्यापासून पळून आलो ते आपल्यापाठोपाठ भाडं देऊन इथवर पोचलं, असं तिच्या मनात आलं.

ड्रायव्हर भला माणूस होता. एवढा घाट चढून आलोय, आता परत कुठं नेता, असं त्याचं म्हणणं पडलं. खोलीच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा करून देतो, कपाट तेवढं आत बसेल. माणसं लावून वर चढवून देण्याचीही त्याची तयारी होती. आणि ताई, इतक्या वर्षांची सवय, मनातल्या मनात जागा मोजायलाही लागली. कपाट दारामागे बसत नव्हतं. चुलीजवळ ठेवता येत नव्हतं. बसत होतं ते एकाच ठिकाणी, खिडकीला पाठ लावून.

ती उठून उभी राहिली.

"दादा, वर काही चढवायचं नाही. प्रत्येक वस्तूवर पत्ता आहे. त्या त्या दारात नेऊन उतरवा. जादा भाडं मी देते."

ड्रायव्हरनं एक दोन चिठ्ठ्या वाचून बघितल्या. आपल्या धंद्यात इतके स्पष्ट पत्ते कुणी लिहून देत नाही, अशी पावती देऊन त्यानं ताडपत्री बांधली.

ट्रक उलटा फिरला तशी ताईला छातीवरून धोंडा उतरल्यासारखं झालं. फोन लागायचा तो त्या वळणावरच, म्हणून तिनं तिथूनच धाकट्याला कळवलं. तो आधी खजील झाला, मग पोट धरून हसला, आणि खाट नि भांडी उद्या जीपमधून स्वतः आणतो म्हणाला. आज रात्री काय करशील, त्यानं विचारलं. पिशवीत पांघरूण आहे आणि किटली आहे, ताई म्हणाली, एका रात्रीला पुष्कळ झालं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. ताई वळणावरून हलायच्या आतच थोरल्या वहिनींचा फोन आला. त्यांचा आवाज दुखावलेला होता. त्यांनी सांगितलं की आपल्या घरात तीळभर जागा नाही, कपाट आईनं दिलेलं, विकवत नाही, आणि ताईला हे सगळं ठाऊक आहे. ताईनं ऐकून घेतलं. वहिनींचं खोटं नव्हतं, आणि ते कपाट खरंच सुंदर होतं. वाईट तिलाही वाटत होतं.

"एवढ्या मोकळ्या खोलीत एका कपाटानं काय बिघडलं असतं गं?" वहिनी शेवटी म्हणाल्या.

"ती मोकळी नाही, वहिनी," ताई म्हणाली. "तिथं मी राहते."

मग वहिनी हळूच म्हणाल्या की बघते, यांचं टेबल सरकवून बसतंय का ते.