करडगीवरचा हात

चाटी गल्लीतल्या टॉवेल-चादरींच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि मालक विरेश गल्ल्यामागं फोनवर पोकर खेळण्यात गुंग. तीन वर्षं हेच चाललं होतं. फोनवर तो जिंकायचाही, खोटं कशाला बोला. मग सरकारनं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि या पठ्ठ्याला वाटायला लागलं, आपल्यासारखा वाघ सोलापुरात कुजतोय.

"गोव्याला जातो, बोटीवरच्या कॅसिनोत," तो बायकोला, दानेश्वरीला म्हणाला. "हरलो तर दुकानाच्या किल्ल्या तुझ्या."

"मी बी येते की," ती म्हणाली. सोळा वर्षं दुकान खरं तीच ओढत होती, आणि किल्ल्यांशिवाय तिला दुसरं काही नको होतं.

पणजीला दारातच तिची कडक भाकरी अन् शेंगाचटणी काढून घेतली. बाहेरचं काही आत चालत नाही म्हणे. बाहेरचे पैसे तेवढे चालत होते.

दुपारचे तीन वाजलेले, पण पोकरच्या खोलीला खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही. हिरव्या टेबलांभोवती, त्या अर्धवट उजेडात, काळे चष्मे लावून बसलेली थोराड पोरं. हसणं नाही, बोलणं नाही, नुसता चिपांचा खडखडाट. मयताला आलेली माणसं तरी एकमेकांना चहा विचारतात, असं दानेश्वरीच्या मनात आलं. ती दोरीपलीकडच्या खुर्चीवर बसली.

विरेशच्या समोर अक्कलकोटचे सिद्रामप्पा होते. कपाळाला विभूती, साधा पांढरा शर्ट. आपलाच माणूस, त्यातून म्हातारा. विरेशला वाटलं, बकरा आयता सापडला.

अर्ध्या तासात दानेश्वरीला सगळं कळलं. पत्ते चांगले असले की नवऱ्याचे दोन्ही हात टेबलावर. पत्ते भिकार असले आणि मोठा डाव लावून समोरच्याला भिववायचं असलं, की उजवा हात शर्टावरून गळ्यातल्या करडगीवर, इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर जायचा. घरीही 'माल बघायला पुण्याला गेलतो' म्हणताना तो हात तिथंच असायचा. फोनवर हात कुणाला दिसणार? इथं दिसत होता. बाकीच्यांना वाटलं असेल, माणसाला छातीत खाजतंय. पण सिद्रामप्पांच्या गळ्यातही करडगी होती, हात कशावर जातोय ते त्यांना बरोबर कळत होतं. म्हातारा तो हात उठायची वाट बघायचा आणि शांतपणे आपल्या चिपा पुढं सरकवायचा.

चहाला विरेश तिच्याजवळ आला. तोंड पार उतरलेलं.

"काय चुकतंय गं माझं?"

एका वाक्याचं काम होतं. तिला दयाही आली. मग किल्ल्या आठवल्या.

"पत्तेच वाईट येत्यात तुमाला," ती म्हणाली. तिचा हात मांडीवरून हलला नाही.

पाचाच्या आत सगळं साफ झालं. उठताना सिद्रामप्पा तिला म्हणाले, "शरणु शरणार्थी, ताई. तुमी खेळायला बसला न्हाईत, ते आमचं नशीब."

सकाळी सोलापूरच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या तिनं हात पुढं केला. त्यानं किल्ल्यांचा जुडगा दिला. चार पावलं चालून तो थांबला.

"चुकलो गं मी. परत दे. आता पत्ते न्हाईत, काही न्हाई. दुकान एके दुकान."

आवाज असा की दगडाला पाझर फुटावा. तिलाही फुटला. शेवटी सोळा वर्षांचा नवरा. तिनं जुडगा अर्धा पुढं केलाही, आणि त्याचा उजवा हात शर्टाकडं गेला.

तिनं जुडगा कमरेला खोचला.

"चला," ती म्हणाली, "दुकान उघडायची वेळ झाली."