मापमामांची वही

चपलाबुटांची तिन्ही दुकानं एकाच घरची, पण नोंदी तीन तऱ्हेच्या. बाजारातल्या मोठ्या दुकानात धाकट्या बहिणीचा कॉम्प्युटर, शाळेजवळच्या दुकानात मेहुण्यांचा फोन आणि गल्लीच्या टोकाच्या छोट्या दुकानात तिच्या थोरल्या भावाची, म्हणजे मापमामांची, वही. मापमामा हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. दारातून आत येणाऱ्याच्या पावलांकडे नुसतं पाहून ते नंबर सांगत, तरीही कागदावर पाऊल ठेवायला लावून भोवती पेन्सिल फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्या सोमवारी बहिणीनं फोनवरच सांगून टाकलं, की पुढच्या शुक्रवारी तिन्ही दुकानांचे आकडे एकत्र बघू आणि जिथे सगळ्यात कमी जोड विकले जातात ते दुकान बंद करू. कोणतं दुकान ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण छोट्या दुकानातून दिवसाला पाचसहा जोड गेले तरी खूप. अठ्ठावीस वर्षं लोकांची पावलं हातात घेतली, आता उद्यापासून सकाळी उठून जायचं कुठे, हे त्यांना सुचेना.

आकडे एकत्र करायचं काम बहिणीच्या मुलीकडे, मामांच्या भाचीकडे, आलं. ती लॅपटॉप घेऊन छोट्या दुकानात येऊन बसली आणि मामांना क्लाउड समजावू लागली. क्लाउड म्हणजे ढग, हा विनोद मोठ्या दुकानात आधीच तिघांनी करून झाला होता, म्हणून मामांनी तो गिळला. भाची म्हणाली, माहिती आपल्या कॉम्प्युटरात न ठेवता दूरच्या एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरांवर ठेवायची, इंटरनेटवरून. तिथे अशी हजारो यंत्रं रचलेली असतात. लागेल तेवढीच जागा भाड्यानं घ्यायची, मोठं काम निघालं की जास्त यंत्रं मागायची, संपलं की सोडून द्यायची. आणि मुख्य म्हणजे तिन्ही दुकानं एकाच ठिकाणी लिहिणार, एकानं लिहिलेलं दुसऱ्याला लगेच दिसणार.

"म्हणजे गोदाम भाड्यानं घेतो तसं," मामा म्हणाले.

"तसंच. फक्त इथे माल निवडून लावून द्यायला माणसंही भाड्यानं मिळतात, असं समज."

हे मामांच्या गळी उतरलं. पण तिनं वही मागितली तेव्हा ते ती छातीशी धरून बसले. वहीत गिऱ्हाइकाचा फोन नंबर, पावलाचं माप आणि पुढे टीप असे. डाव्या अंगठ्याजवळ हाड वर आलंय, टाचेला भेगा, उजवं पाऊल अर्ध्या नंबरानं मोठं. लोकांनी विश्वासानं मोजे काढले ते चारचौघांत दाखवायला नव्हे, असं त्यांनी ठणकावलं. भाची हसली नाही. तिनं टिपांसाठी वेगळा तक्ता केला आणि तो फक्त त्या दोघांनाच उघडेल अशी सोय केली. मामांनी मेहुण्यांना फोन लावून त्यांना काय काय दिसतंय ते तीनदा विचारलं. टाचांच्या भेगा दिसत नाहीत अशी खात्री पटल्यावरच त्यांनी वही खाली ठेवली.

टाइप मात्र मी करणार, असा त्यांचा हट्ट. एका बोटानं, चष्मा नाकावर घसरवून, तीन दिवसांत त्यांनी गेल्या तीन महिन्यांची वही क्लाउडवर चढवली. तिसऱ्या दिवशी भाचीच्या कपाळावर आठ्या पडल्या. ज्यांनी काहीच विकत घेतलं नाही अशीही शेकडो माणसं मामांनी लिहून ठेवली होती. विकलेल्या जोडांपुरतंच हवंय, असं तिनं सांगून पाहिलं, पण माप घेतलं ते घेतलं, या पलीकडे मामा जाईनात. त्यातल्या बऱ्याच ओळींपुढे "मोठं दु." असं लिहिलेलं होतं.

ते काय, असं तिनं विचारलं. मामा म्हणाले, आपलं दुकान केवढंसं. माप घेतो, हवा तो रंग नसतो, मग चिठ्ठीवर नंबर लिहून बाजारातल्या दुकानात पाठवतो. त्यात सांगण्यासारखं काय, तेही आपलंच आहे.

भाचीनं मोठ्या दुकानाच्या नोंदी उघडल्या. मोठ्या दुकानात प्रत्येक विक्रीसोबत गिऱ्हाइकाचा फोन नंबर नोंदलेला असे. तीन ठिकाणचे कागद समोरासमोर आणायलाच एरवी महिना गेला असता. आता सगळं एकाच जागी होतं. फोन नंबरांची जुळणी मामांचा चहा संपायच्या आत झाली.

शुक्रवारी मोठ्या दुकानाच्या माडीवर सगळे जमले. पहिल्या आलेखात छोट्या दुकानाचा खांब नखाएवढा होता. बहीण मामांकडे बघायचं टाळत राहिली. मामा आपल्या बुटांकडे बघत राहिले. मग भाचीनं दुसरा आलेख उघडला. मोठ्या दुकानातून गेलेल्या दर शंभर जोडांपैकी अडतीस जोड अशा पावलांत गेले होते, ज्यांचं माप दोनचार दिवस आधी मामांनी घेतलं होतं. आणि बसत नाही म्हणून जे जोड परत आले, त्यांत या पावलांचा जवळपास एकही नव्हता.

मोठ्या दुकानाचा तोरा मिरवणाऱ्या बहिणीनं पडद्याजवळ जाऊन आकडा पुन्हा वाचला आणि ती मामांकडे वळली.

"दादा, इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू विचारायचीस, विकले किती. पाठवले किती, हे कुणी विचारलंच नाही."

मामांच्या आवाजात राग नव्हता आणि तेच तिला जास्त लागलं. तिचे डोळे भरून आले. मला लाज वाटते, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. शटर ओढायला निघाले होते ते माझंच दुकान भरणाऱ्याचं, असंही म्हणाली. मामा कसनुसे झाले आणि पंखा वाढवायला उठले.

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि तक्त्यात नवा रकाना कसा घालतात ते मुलीला विचारलं. रकान्याच्या डोक्यावर तिनं "कुणी पाठवलं" असं लिहिलं आणि पहिल्या ओळीत "दादा". या सगळ्या ओळी यंत्र क्षणात भरेल, असं भाची सांगत होती. राहू दे, असं म्हणून बहिणीनं दुसऱ्या ओळीत पुन्हा "दादा" लिहिलं.