एक लाख ओहमची गुणगुण

सोमवारपासून मी पुन्हा कामावर जाणार होते आणि तान्ही पिटुकली माझ्या गुणगुणण्याशिवाय झोपत नव्हती. दिवसभर ती माझ्या सासूबाईंजवळ राहणार, आणि त्यांचं शिवणाचं मशीन दिवसभर चालणार. शाळेच्या गणवेशांचं काम हाती होतं.

म्हणून मी एक डबी केली. छोटा स्पीकर, नखाएवढी अॅम्प्लिफायरची चिप, आणि आत माझी गुणगुण. तीन दुपारी भरलेले तीन तुकडे, पिटुकली छातीवर पेंगत असताना, ओठही न उघडता म्हटलेले. इतके हळू, की मशीनच्या खडखडाटात साखरेसारखे विरघळून जायचे. रेकॉर्डिंगचा आवाज ताणता येईल तेवढा ताणून झाला होता.

"जरा मोठ्याने म्हणून भर ना," सासूबाई म्हणाल्या.

"भरलं होतं. ते ऐकून ही टक्क डोळे उघडून दाराकडे बघते. कोण बाई आलीय म्हणून."

"मग मी म्हणते."

मी उठून खिडकी लावायला लागले.

"नको," त्याच म्हणाल्या. "शेजारची पोरंही उठतील."

सगळी भिस्त चिपवर होती. आवाज किती वाढवायचा, म्हणजे गेन, हे तिची एक पिन ठरवते. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर कमाल गेन पंधरा डेसिबल होता. सरळ जोडलं म्हणजे पुरेपूर मिळणार, अशा समजुतीने मी ती पिन थेट ग्राउंडला जोडली होती. पण मोजल्यावर भरत होते बाराच. अकराव्या पानावरच्या तक्त्यातही बाराच. पिटुकलीला पाजता पाजता तो तक्ता इतक्यांदा वाचला, की आकडे माझ्या डुलकीत शिरून माशांसारखे पोहायला लागले. शेवटी चिप बनवणाऱ्यांनाच लिहिलं : तुमचा कमाल गेन नक्की कोणता?

शनिवारी दुपारी उत्तर आलं. कुणा इंजिनिअरने शांतपणे लिहिलं होतं, तक्त्यात एक ओळ छापायची राहून गेली आहे. पिन थेट जोडली तर बारा. मध्ये एक लाख ओहमचा रेझिस्टर घालून जोडली तर पंधरा. त्यापुढे नाही.

मी सासूबाईंना वाचून दाखवलं.

"म्हणजे मध्ये अडथळा घातला की आवाज वाढतो?"

"या चिपमध्ये तरी."

"त्यात नवल काय. तुझ्या सासऱ्यांना मध्ये अडवून बघ."

रेझिस्टर मध्ये घालून तिळाएवढ्या जागेवर मी सोल्डरचा डाग दिला. पडद्यातून गाळलेलं ऊन खोलीभर सांडलं होतं. पाळण्यात कुरकुर चालू होती. सासूबाईंनी मशीन सुरू केलं, मी डबी पाळण्याशी ठेवली आणि दाराआड झाले.

डबीतून आधी हलकी खरखर आली. मग माझा श्वास, तिचा श्वास. त्यांच्याही मागे, लांबून, आणखी एक मशीन चाललं होतं. ते थांबलं, आणि गुणगुण सुरू झाली. इकडच्या खडखडाटावर तरंगत पाळण्यापर्यंत पोचली. दुसऱ्या तुकड्यातही तसंच. लांबचं मशीन थांबलं, मग मी. तिसऱ्यातही.

तोवर पिटुकलीची मूठ उघडली होती.

मी सासूबाईंजवळ जाऊन बसले. "मी गुणगुण भरायचे तेव्हा तुम्ही मशीन थांबवायचात."

त्यांनी शिलाईवरची नजर काढली नाही. "दोरा तुटायचा."

"तिन्ही दिवस?"

"पातळ दोरा होता," त्या म्हणाल्या, आणि मशीन चालवतच राहिल्या.