क्रिसांतोचं अपील

"म्हणजे जिंकलो का हरलो, अटर्नी?" लुडिविनाने विचारलं.

वकिलाने तिच्या नवऱ्याच्या शवपेटीकडे पाहिलं, मग हातातल्या कॉफीकडे. "दोन्ही नाही. अपील चालू असताना आरोपी गेला की खटलाच बंद होतो. शिक्षाही पुसली जाते."

"मग क्रिसांतो निर्दोष होता, असं कोर्ट लिहून देईल ना?"

"नाही. कोर्ट आता काहीच म्हणणार नाही."

"इतकी वर्षं तरी काय म्हणत होतं?" नणंद पुरिंग कोपऱ्यातून म्हणाली.

वकील उठून गेला. सुतकाच्या घरातून पाहुण्याला पोचवायला जात नाहीत, म्हणून कुणी उठलं नाही.

बाजारात कुणी टोमणा मारला की लुडिविना म्हणायची, "अजून निकाल लागायचाय." त्या एका वाक्याच्या आडोशाला ती जगली होती. आता तो आडोसाही गेला. उद्या दफन. आणि ज्याच्या खुनासाठी क्रिसांतोला शिक्षा झाली होती, त्या आर्सेनियोचा थोरला भाऊ रोडेल धक्क्यावर सगळ्यांदेखत बोलला होता, की खुन्याची पेटी गावच्या दफनभूमीत शिरू देणार नाही. रोडेल माडी काढणारा; कोयता कायम कमरेला.

ती परसात गेली. कोंबडीखालचं एक पिल्लू उचलून आणलं आणि पेटीच्या काचेवर ठेवलं. पुढ्यात चिमूटभर तांदूळ टाकले.

मयताच्या जागरणाला येऊन अंगणात पत्ते खेळणाऱ्यांचे हात थबकले. पिल्लू ठेवतात ते फक्त खून झालेल्याच्या पेटीवर. ते दाणे टोचतं, तसं मारेकऱ्याचं मन टोचलं जातं.

"वहिनी, डोकं फिरलं का?" पुरिंग कुजबुजली. "दादा तुरुंगात क्षयाने गेला. हे कळलं तर रोडेल घर पेटवेल!"

"ज्याने आर्सेनियोला मारलं, त्यानेच ह्यांनाही मारलं." लुडिविना म्हणाली. तिने पिल्लापुढे आणखी दाणे सरकवले.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. दुपारी फाटक करकरलं. पुरिंगच्या तोंडातली प्रार्थना अर्ध्यावर राहिली.

बासिलिया होती. आर्सेनियोची आई. एकटी, हातात छत्री. लुडिविना तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिली.

"त्याला शोधू नकोस," बासिलिया म्हणाली. "रोडेल घरी आहे. कोयता मी पेटाऱ्यात कुलपात टाकलाय. उद्याचं मला माहीत नाही."

ती पेटीशी गेली. पिल्लू चिवचिवत होतं.

"माझ्या पोराच्या पेटीवरही होतं. दाणा टोचला की मी म्हणायची, लागलं क्रिसांतोला." ती थांबली. "आणि खुनी तोच असेल, तर हे पिल्लूही त्यालाच टोचणार. स्वतःच्या नवऱ्याला टोचायला कुठली बाई पिल्लू आणून ठेवेल?"

बासिलियाने खुर्ची ओढली आणि लुडिविनाच्या समोर बसली.

"माझं पोर गेलं त्या संध्याकाळी तो कुठे होता?"

"कोर्टात सांगितलं होतं, नानाय." लुडिविना तिला आजही आईच म्हणाली.

"कोर्टात मी नुसती तुझ्या तोंडाकडे बघत होते. ऐकलं काहीच नाही. आता सांग. पहिल्यापासून."

लुडिविनाने तोंड उघडलं. अंगणात कुजबुज सुरू झाली होती. बासिलियाने मागे न बघता हात वर केला. अंगण गप्प झालं.